बाबुराव ओव्हाळांचा डच म्हातारा

पुण्याच्या बिबवेवाडीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या बाबुराव ओव्हाळांनी रंगवल्या होत्या. पण त्यांचा खरा हात बसला होता चेहऱ्यांवर. विहारांतले बुद्ध आणि बाबासाहेब, सोसायट्यांचे संस्थापक, कुणाकुणाचे वारलेले वडील, सगळे त्यांनी कॅनव्हासवर उतरवले. माणूस हयात असो वा नसो, बाबुराव त्याला थोडा उजळ आणि थोडा गुळगुळीत करायचे. कोणाची कधी तक्रार आली नाही. पुढे फ्लेक्स आले आणि बाबुराव घरी बसले.

तोवर त्यांची लेक आम्रपाली हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. कंपनीचं काम हॉलंडसाठी चालायचं. तिकडचे पाहुणे येणार, म्हणून मीटिंगच्या खोलीत त्यांच्याकडचं एखादं चित्र लावायचं ठरलं. आम्रपालीने वडिलांचं नाव सुचवलं आणि एक रंगीत प्रिंट घरी आणली.

"पप्पा, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे. चित्रकाराने स्वतःलाच काढलंय. ऑइलमध्ये अशीच कॉपी हवी."

बाबुरावांनी चष्मा पुसून पाहिलं. डोक्याला फडकं गुंडाळलेला म्हातारा. नाक सुजल्यासारखं, डोळ्यांखाली पिशव्या, गालांवर रंग नुसता थापलेला.

"आजारी होता का?"

"माहीत नाही. पण फार मोठा मानतात त्याला."

"मग स्वतःला असं का काढलं? सांगणारं गिऱ्हाईकही नव्हतं."

आम्रपालीने प्रिंट त्यांच्यासमोर भिंतीला चिकटवली.

बाबुराव कामाला लागले. हात आपल्या सवयीने चालला. पिशव्या गेल्या, नाक सरळ झालं, गालांवर तुकतुकी आली. त्यांच्या पत्नी, हिराबाई, म्हणाल्या, "अहो, छान झालंय. कुणाचे तरी सासरे शोभतात."

आम्रपालीने मात्र प्रिंट चित्राशेजारी धरली. "पप्पा, हा तो नाही."

"तोच आहे. जरा बरा दिसतोय, एवढंच."

"त्याला बरं दिसायचंच नव्हतं बहुतेक."

हे बाबुरावांच्या डोक्यात शिरेना आणि डोक्यातून जाईनाही. ज्याच्या हातात कुंचला आहे, तो स्वतःलाच सवलत का देत नाही? दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीचा आरसा खिडकीत टेकवला आणि एका पुठ्ठ्यावर स्वतःला काढायला घेतलं. इतका वेळ त्यांनी स्वतःकडे कधीच पाहिलं नव्हतं. ओठाची एक कड खाली ओढलेली होती. ती कधीपासून, ते त्यांना आठवेना. ती रंगवताना वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. काय वाटलं ते कळेना, तेव्हा पुठ्ठा अर्धवट ठेवून ते उठले.

मग त्यांनी डच म्हातारा पुन्हा काढला, एकही सुरकुती न सोडता. तो जमला की बिघडला, हे त्यांना ठरवता येईना. आम्रपालीने दोन्ही चित्रं कंपनीत नेली. साहेबांनी पहिलं निवडलं, दुसरं परत आलं. म्हणे, त्यातला माणूस फार थकलेला दिसतो.

पाहुणे येऊन गेल्यावर बाबुरावांनी विचारलं, "ओळखलं का त्यांनी?"

आम्रपालीने बॅग खाली ठेवली. "त्यांनी विचारलं, हे तुमच्या कंपनीचे संस्थापक का?"

हिराबाई हसल्या. बाबुरावही हसले, पण नक्की कशाला हसलो ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढे पावसाळ्यात मांजरी गावाहून संजय नावाचा एक तरुण आला. त्याच्या आई, विमलाबाई, शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्याच वारल्या होत्या. विहाराच्या वाचनालयात त्यांचं चित्र लावायचं होतं. हाती असलेला फोटो आजारपणातला.

"जयभीम, काका. जरा बरं करून काढा."

"किती बरं करू?" बाबुरावांनी विचारलं.

संजय गोंधळला. असं कोणी विचारेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. "तुम्हाला ठीक वाटेल तसं," तो म्हणाला.

बाबुरावांनी बाईंचे गाल भरले, पण दोन भुवयांमधली आठी पुसायला त्यांचा हात धजला नाही. चित्र न्यायला आलेला संजय त्या आठीकडे पाहतच राहिला. मग चित्र कापडात गुंडाळून, छातीशी धरून जिना उतरला.

"आवडलं का हो त्याला?" हिराबाईंनी विचारलं.

"कळलं नाही," बाबुराव म्हणाले आणि ब्रश धुवायला मोरीकडे गेले.