पितृपक्षातल्या वामी

अमरावतीच्या आमच्या घरी भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा म्हणजे वडिलांचा हंगाम. ते भिक्षुकी करत. रोज कुणाकडे तरी श्राद्ध असे. खिरीने जड झालेले पोट घेऊन ते दुपारी घरी येत आणि लोकांच्या पितरांची भूक आपल्याला झेपत नाही असे म्हणून आडवे होत. या दिवसांत लग्ने ठरत नसत, नवे कापड घरात येत नसे. त्यामुळे माझी अशी समजूत होती की पितृपक्षात सारी दुनियाच हातातले काम खाली ठेवते. ही समजूत पुढे बऱ्याच जिवांना भोवली.

पन्नासचे दशक संपता संपता मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालो. काम बेडूक फाडून दाखवण्याचे. त्याच सुमारास पूर्णेला मिळणाऱ्या एका नाल्यावर तेला-साबणाची गिरणी निघाली. तिचे काळे, फेसाळ पाणी नाल्यातून नदीत येई. उन्हाळ्यात नदीचे नुसते डोह उरत आणि त्या पाण्याने डोह नासत. गुरे काठापर्यंत येऊन तशीच मागे फिरत. गावांनी अर्ज केले, अर्ज फार झाले, तेव्हा एक चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष एक वकीलसाहेब, जे वैशाखातही कोट उतरवत नसत. दुसरे एक डॉक्टर, ते न येता सही पाठवत. तिसरा मी. अध्यक्ष मला प्रोफेसर म्हणत, कारण आपल्या समितीत डेमॉन्स्ट्रेटर असणे त्यांना शोभले नसते.

पाहणीच्या दिवशी गिरणीच्या जीपमधून, गिरणीचा चिवडा खात आम्ही डोहावर गेलो. तिथे एक म्हातारा भोई वाट पाहत उभा होता. त्याच्या घरची सहा माणसे त्या डोहावर जगत, आणि डोहाची खरी मिळकत म्हणजे वामी. वाम हा हातभर लांब, सापासारखा, बुळबुळीत मासा. आजारातून उठलेल्याला तिचे कालवण देत, म्हणून बाजारात तिला मान. म्हाताऱ्याने पाटीतून एक वाम काढून माझ्यापुढे धरली. पोटावर लाल चट्टे होते, कल्ले पांढरे पडून झिजले होते.

"हात लावून पाहा, मास्तर," तो म्हणाला. "बुळबुळ गेली तिची. वामीची बुळबुळ जानं म्हंजे मानसाची चामडी जानं."

मी हात लावला. अंग कोरडे, खरखरीत लागले.

"लक्षात घेतले जाईल," वकीलसाहेब जीपमधूनच म्हणाले.

"लक्षात घेऊन काय करता, साहेब? डोह मेला तं आमाले इथून उठा लागते."

गिरणी बंद करणे कुणाच्याच मनात नव्हते. तिच्या कोनशिलेवर फार मोठी नावे होती. वकीलसाहेबांनी मधला मार्ग काढला. गिरणीने वर्षभर पाणी मोठ्या खड्ड्यात साठवावे आणि नदी भरून वाहते तेव्हा एकदाच, पंधरा दिवसांत सोडून द्यावे. पंधरा दिवस कोणते, एवढेच ठरायचे होते.

"हा शास्त्रीय प्रश्न आहे, प्रोफेसर," ते मला म्हणाले.

मी एकटाच बसने डोहावर गेलो. म्हातारा जाळे शिवत होता. नदी भरलेली असताना तुमची जाळी कधी बंद असतात, असे मी विचारले.

"भादव्यात. गनपती गेले का पंध्रा दिवस जाळं वर. आमच्या आज्यापासून."

"म्हणजे पितृपक्षात."

"हाव, तवाच. बसा ना, च्या घेऊन जा."

मला सारे कळले होते. मी वही मिटली. चहाला थांबलो असतो तर पुढचेही ऐकले असते. पण बसची वेळ झाली होती, आणि खरे सांगायचे तर त्या घरचा चहा प्यायची मला सवय नव्हती. तेव्हा मी आगरकरी थाटात जातपातीवर लेख लिहीत असे, हेही इथे सांगून टाकतो.

अहवालात मी लिहिले: 'सदर पंधरवड्यात धार्मिक कारणास्तव मासेमारी बंद असते, सबब उपद्रव संभवत नाही.' वकीलसाहेबांनी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचले. त्यातला 'सबब' त्यांना फार आवडला.

त्या भाद्रपदात पाणी सुटले. आठव्या दिवशी सकाळी मी डोहावर गेलो, खरे म्हणजे आपली युक्ती बघायला. काठाला मेलेल्या वामी लागल्या होत्या. सगळ्या मोठ्या, पाठ काळी, पोट रुप्यासारखे, लहान एकही नाही. म्हातारा आणि त्याची बायको बांबूने त्या ओढून काढत होती. तो माझ्याकडे न पाहता बोलला.

"जाळं कवा बंद राह्यते, ते इचारलं तुमी. काऊन बंद राह्यते, ते नाही इचारलं."

"पितरांचे दिवस म्हणून..."

"आमचे पितर मासे सोडतेत का?" म्हातारी म्हणाली. "मास्तरले वाटलं, आपन बी त्याच्यासारके."

"थ्या जाऊन राहिल्या होत्या, मास्तर," म्हातारा म्हणाला. "दहा-बारा वर्सं डोहात काढतेत आन एका भादव्यात पुराच्या पान्यावर निंगतेत. पार समुद्राले. माहेरी. माहेरी चाललेल्या पोरीले कोनी धरते का?"

नंतर कॉलेजच्या एका जाड पुस्तकात मला हेच सापडले. या वामी नद्यांतून समुद्रात उतरतात, तिथे अंडी घालून मरतात, आणि बोटाएवढी पिले उलट्या वाटेने नद्या चढतात. पुस्तक लिहिणाऱ्याजवळ बोट होती, खलाशी होते. म्हाताऱ्याच्या आज्याने समुद्र पाहिलाही नव्हता.

मी वकीलसाहेबांकडे गेलो. पंधरवडा बदला म्हणालो.

"प्रोफेसर, पितृपक्ष तुम्हीच काढलात. आता पंचांग फिरवायचे का?" ते हसले. "आणि तुमच्या वामींनी वकीलपत्र कुणाला दिले आहे?"

मी एक पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही. दुसरे लिहिले नाही, कारण वकीलसाहेब कॉलेजच्या कमिटीवर होते आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. ती वर्षभरात झाली. पाणी दर पितृपक्षात सुटत राहिले. पहिल्या पुराबरोबर डोहाखालच्या बांधाच्या ओल्या दगडांवरून चढणारी वामीची पिले आधी कमी झाली, मग शोधावी लागू लागली. पुढे खाली, पूर्णा जिला मिळते त्या तापीवर धरणाचे काम निघाले, तेव्हा मी सारा दोष तिकडे टाकून पाहिला. जमले नाही. आमच्या वामी तिथवर पोचण्याआधीच मेल्या होत्या.

चौथ्या वर्षी पुन्हा त्याच दिवसांत गेलो. डोहाच्या तोंडावर जाळे लागलेले होते.

"टाकलं," म्हातारा म्हणाला. "उद्या मरनारच हायेत, तं आज काढतो."

पाटीत सात-आठ वामी होत्या. निम्म्यांच्या पोटावर चट्टे.

"ह्या बाजारात नेऊ का, मास्तर? तुमी शिकेल मानूस. मानसाले बाधतीन का?"

चट्टे पडलेल्या नेऊ नका, मी म्हणालो. आजारी माणसाच्या पोटात जातात त्या.

त्याने मान हलवली. मग पाटी सगळीच्या सगळी डोक्यावर घेऊन तो माझ्या अंगावरून बाजाराच्या वाटेला लागला.