यंदा ट्रिपचा नंबर माझा

उज्जैनला घर असलं की वर्षभर कुणी ना कुणी दर्शनाला येतच असतं. पाहुणे गेले की दारात चपलांचा एखादा जोड उरतो आणि तो कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या ट्रिपांचे किस्से असेच मागे उरलेत. कोण काय बोललं यावर अजून एकमत नाही. तरी मी माझ्या बाजूने सांगते. चुकलं तर पल्लवीचा फोन येईलच!

आम्ही चौघी आहोत. पल्लवी म्हणजे माझ्या मुलीच्या, चिऊच्या, मैत्रिणीची आई. तिवारी भाभी शेजारच्या. एक मी. आणि चौथ्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या खरं तर ट्रिपमध्ये चिऊला सांभाळायला म्हणून आल्या होत्या, मग कायमच्याच झाल्या.

नियम साधा. दरवर्षी एकीचा नंबर. जिचा नंबर, तिने आपली स्वप्नातली ट्रिप सांगायची आणि बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता जायचं. यंदा नंबर माझा होता, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत सांगायचं होतं आणि माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. तुझं स्वप्न काय असं कुणी विचारलं की मला चिऊचा राहिलेला बूस्टर डोस आठवायचा. पोस्ट ग्रॅज्युएट बाई मी! एवढंही ठाऊक नसावं?

*

पहिला नंबर पल्लवीचा होता. तिला समुद्र पाहायचा होता. जन्म उज्जैनचा, पोहायला शिकली शिप्रेत, पण समुद्र फक्त टीव्हीवर. आम्ही कोकणात गेलो. मी औषधांची पिशवी, थर्मामीटर आणि चिऊसाठी दोन स्वेटर घेतले होते. मे महिन्यात.

किनाऱ्यावर पोचलो. पल्लवी वाळूत उभी राहिली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, भरून आलंय. भाभींनी तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला.

मग ती शेंगदाणेवाल्याकडे गेली आणि म्हणाली, "काका, इथे घाट कुठल्या बाजूला आहे?"

"कसला घाट?"

"अहो, पायऱ्या! पाण्यात उतरायचं कुठून?"

काकांनी एवढ्या लांब पसरलेल्या किनाऱ्यावरून एकदा नजर फिरवली. "ताई, कुठूनही उतरा!"

पल्लवीला ते काही पटलं नाही. दोन्ही दिवस ती काठावर बसून होती. "अशी कशी नदी," म्हणे, "जिला उतरायला जागाच नाही!"

*

दुसरा नंबर तिवारी भाभींचा. त्यांना बर्फात बसायचं होतं. गेलो हिमाचलला. पोहे, शेव आणि जीरावनची बरणी घेऊन, कारण भाभींच्या मते मसाला न भुरभुरता खाल्लेले पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

तिथे एक घोडेवाला होता. आम्ही उज्जैनच्या म्हटल्यावर त्याने घोड्याचा लगाम सोडून आधी आईंच्या पाया पडून घेतलं. घोडा निघाला उताराने. घोड्यावर मी!

मी ओरडतेय आणि भाभी त्याला सांगताहेत, "कभी आओ भैया, आराम से दर्शन करवाएंगे!"

उज्जैनचा माणूस जगात कुठेही गेला तरी हे वाक्य बोलतोच. पण लोक येत नाहीत. हा आला. जानेवारीत, बायको, दोन मुलं आणि अक्रोडाची गोणी घेऊन. आला तो आमच्याकडे माधव नगरला, कारण भाभींच्या घरी रंगकाम चालू होतं आणि त्यांनी परस्पर आमचा पत्ता दिला होता.

आई त्यांना दर्शनाला घेऊन गेल्या. नेहमीप्रमाणे स्वतः बाहेर चपलांपाशी उभ्या राहिल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्यांनी इतक्या लोकांना दर्शन घडवलंय, भैरवगढ़च्या छापील चादरी दाखवल्यात, आणि प्रत्येक वेळी पिशव्या आणि चपला त्यांच्याकडे.

रात्री घोडेवाला दोन रजया पांघरून बसला होता. दात वाजत होते.

"दीदी," तो म्हणाला, "यहां रहते कैसे हो? ठंड बहुत है!"

*

आता माझं. पल्लवीने मला एका ऑनलाइन सेशनला बसवलं. विषय, आपल्या स्वप्नातला प्रवास शोधा. स्क्रीनवर एक अतिशय शांत बाई होती. तिला मुलं नसावीत.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "तुमचं पाऊल आता तुमच्या ड्रीम प्लेसवर पडतंय. काय दिसतंय?"

मी मिटले. चिऊ आईंकडे होती. पंखा चालू होता.

पल्लवीने कोपराने ढोसलं तेव्हा सगळ्यांचं सांगून झालं होतं. कुणाला बालीचा झुला दिसला होता, कुणाला पॅरिस. "आणि केतकी, तुम्हाला?"

"काहीच नाही दिसलं," मी म्हटलं. "फार छान होतं!"

बाईंनी हात जोडले. "ही फार वरची अवस्था आहे."

पल्लवी हळूच म्हणाली, "घोरत होतीस."

*

मग मी ठरवलं, स्वप्न नसेल तर घरातल्या कुणाचं तरी उसनं घ्यावं. नवऱ्याला विचारलं. अमोदचं उत्तर ठरलेलं असतं. केरळ म्हणा, काश्मीर म्हणा, तो म्हणणार, "इंदूरहून फ्लाइट आहे." त्यापुढे त्याची कल्पनाशक्ती जात नाही.

चिऊला विचारलं. ती म्हणाली, "लिफ्ट."

आमचं घर बसकं, तिची शाळा बसकी. घराजवळची लिफ्ट एका मोठ्या हॉस्पिटलात. नेलं तिला. खाली, वर, परत खाली. चिऊ टाळ्या पिटतेय आणि मी दर मजल्यावर दार उघडलं की सॅनिटायझर चोळतेय. तिसऱ्या मजल्यावर आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या एक काकू आत शिरल्या. आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी अमोद ऑफिसातून आला तर दारात मंडळातले दोघं जण मोसंबी आणि नारळपाणी घेऊन उभे.

"अरे!" त्यातल्या एकाने त्याला कवटाळलं. "तू तर चालतोयस!"

*

हळदीकुंकू तोंडावर आलं. शेवटी मी आईंना विचारलं. लाजच वाटली, कारण दोन ट्रिपा झाल्या, तिसरी ठरत होती, पण त्यांचा नंबर कुणी लावलाच नव्हता.

आई तीळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला उज्जैनला जायचंय."

म्हातारपणातल्या विसराळूपणाबद्दल मी बरंच वाचलेलं आहे आणि ते सगळं एकदम आठवलं. शक्य तितक्या सहज विचारलं, "आई, आज वार कुठला हो?"

"मंगळवार. आणि तुझं दूध उतू जातंय."

जात होतं.

"लोक येतात ना, तसं," आई म्हणाल्या. "तसं जायचंय."

अमोदला सांगितलं, आईंना उज्जैनला जायचंय. मोबाइलमधून डोकं न काढता तो म्हणाला, "इंदूरहून काय आहे ते बघतो."

हळदीकुंकवाला मी उभी राहून जाहीर केलं, "माझी ड्रीम ट्रिप, उज्जैन!" पल्लवीने भाभींकडे पाहिलं. भाभींनी माझ्या कपाळाला हात लावला. पण नियम म्हणजे नियम.

निघालो. आधी बॅगा घेऊन घरून स्टेशनवर गेलो, कारण आईंचं म्हणणं, पाहुणे स्टेशनवरच उतरतात. तिथून रिक्षा. एरवी आई दहा रुपयांसाठी रिक्षावाल्याला रडवतात. त्या दिवशी त्याने तिप्पट सांगितले. मी तोंड उघडणार तर आई म्हणाल्या, "दे गं. बाहेरच्यांकडून घेतातच."

महाकालाला गेलो. मंदिराच्या बाहेर आईंनी आपल्या चपला काढून भाभींच्या पुढ्यात ठेवल्या. "भाभी, आप यहीं रुको. हम आते हैं." भाभींचा चेहरा बघायला हवा होता! आम्ही चिऊला घेऊन बाहेर आलो तोवर त्या आणखी दोन अनोळखी कुटुंबांच्या चपला सांभाळत होत्या.

भैरवगढ़ला आईंनी एक चादर घेतली. "आठवण म्हणून," म्हणाल्या. घरी तसल्याच आठ आहेत.

राम घाटाजवळ एका लॉजमध्ये उतरलो. खिडकीतून शिप्रा दिसत होती. संध्याकाळी लॉजवाल्याने दार वाजवलं. "चार चाय?"

मी, पल्लवी आणि भाभी, तिघीही एकदम उठलो. "ठेवते!"

आई मात्र पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. "मेरी में अदरक डालना, भिया," त्यांनी सांगितलं.

चहा आला तोच आईंचा फोन वाजला. नागपूरच्या त्यांच्या नणंदबाई. आईंना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो.

"वहिनी, उद्या सकाळी पोचतोय हं आम्ही! आठ जण आहोत. घरीच आहात ना?"

मी सवयीने मनात पोहे मोजायला लागले. आईंनी चहाचा घोट घेतला.

"अगं बाई! आम्ही तर बाहेरगावी आलोय."

"बाहेरगावी? कुठे?"

नेमकी तेव्हाच घाटावर आरती सुरू झाली. घंटा, झांजा, आणि कुणीतरी भोंग्यावरून गर्जना केली, "जय श्री महाकाल!"

"वहिनी? हा आवाज कसला? तुम्ही उज्जैनमध्येच आहात ना?"

आईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नेमकं सांगता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "गाव आम्हाला नवीन आहे."