बाबांच्या बुटांना मी दिलेली चमक

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून बाबांचे साधे चामड्याचे बूट मला खुपायचे. महिन्यापूर्वी मी त्यांवर चमक आणणाऱ्या स्प्रेचे तीन हात मारले. आरशासारखे झाले एकदम!

आज सकाळी पाहुणे आलेले. बाबा फिरून आले, बूट काढले आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, पाय धुवा आधी, किती वास येतोय!" ते पाय धुवायला आत गेले.

दुपारी मी वासावर उपाय विचारायला बूट घेऊन खोपटच्या मोचीकाकांकडे गेले. त्यांनी बुटावर पाण्याचा थेंब टाकला. तो घरंगळून पडला.

"ताई, या चमकेने चामड्याची छिद्रंच बंद करून टाकलीत. घाम निघणार कुठून? पायांचा काय दोष?"

घरी येऊन बाबांच्या खोलीत गेले, पाहिलं, तर बाबांच्या टाचा सोललेल्या. "सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू एवढ्या हौसेने चमकवलेस गं."

मी तिथेच "सॉरी बाबा" म्हणाले. ते हसले, विषय संपला म्हणाले.

पण मी बोलले चारचौघांत आणि माफी मागितली बंद दाराआड. संपतो का हो असा विषय?