खांबाजवळची अर्धी जागा

भूतखेत, चकवा, करणी... या विषयांवरून मी जन्मभर लोकांशी भांडत आलो. आमच्या वाडीत कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे जाऊन बसायचो आणि घरी येऊन त्याची नक्कल करायचो. आई म्हणायची, याच्या जिभेला हाड नाही. तेव्हा या सदरात माझा मजकूर बघून ओळखीचे लोक हसणार, हे धरूनच लिहितोय. हसा. पण आधी पूर्ण वाचा.

सन त्रेचाळीस. लढाईचे दिवस. माझं गाव वेल्ह्याच्या अलीकडे — विंझर सोडून वर चढलं की आमची वाडी लागते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झालो होतो, त्या जोरावर पुण्यात कॅम्पातल्या एका गोदामात नाईट शिफ्टला चिकटलो. पेट्यांवर ब्रशने नंबर टाकायचे, एवढंच काम. काम मिळालं खरं, पण राहायचं कुठं? सगळी दुनिया त्या वर्षी पुण्यात येऊन पडली होती. जिन्याखाली, तबेल्यात, देवळाच्या ओवरीत माणसं राहत होती.

पहिले तीन आठवडे मी नसरापुरात मावशीकडे राहून ये-जा केली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागे ही एवढी भट्टी लावलेली. कात्रजचा घाट आला की मोटारीचा दम संपायचा. मग सगळ्यांनी उतरायचं, बोगद्यापर्यंत पायी चढायचं, आणि मोटार मागून खोकत यायची. कधी यायची, कधी यायचीच नाही. तीनदा लेट झालो. चौथ्यांदा साहेबाने गेटवरूनच परत पाठवलं आणि वर सांगितलं, पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस.

तेव्हा मला आमच्याकडच्या माणसांच्या खोलीत जागा मिळाली. भवानी पेठेत एक खोली, मधे लाकडी खांब, आणि आत वेल्ह्याच्या बाजूची अकरा माणसं. तात्या म्हणून एक पोक्त गृहस्थ तिथला कारभार बघायचे. नियम असा, की एका जागेवर दोघं. दिवसपाळीवाला रात्री झोपायचा, रातपाळीवाला दिवसा. अंथरूण पसरलेलं असेल तर जागा धरलेली. माणूस कायमचा गावी निघाला की अंथरूण गुंडाळून उंबऱ्याशी ठेवायचा. मगच ती जागा दुसऱ्याला द्यायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण यावर भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

तात्यांनी मला खांबाजवळची जागा दाखवली. तिथं एक काळी घोंगडी पसरलेली होती. म्हणाले, “रातच्याला ही मारुतीची. दिवसा तू झोप.”

त्या मारुतीला मी चार महिन्यांत एकदाही पाहिलं नाही. त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. सकाळी आठला मी यायचो तेव्हा दिवसपाळीची माणसं गेलेली असायची, आणि ती परतायच्या आत मी ड्यूटीवर. पण माणूस ओळखीचा झाला होता. घोंगडी रोज नीट झटकून पसरलेली असायची आणि — हे लक्षात ठेवा — गरम असायची. नुकताच कुणी उठून गेल्यासारखी. मेंढरांचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. कधी कधी तिच्यात ताजी कुसळं सापडायची. मी ती वेचत चरफडायचो, की गड्याची मजा आहे, दर आठवड्याला डोंगरात जाऊन येतो, आणि इथं मला बायकोचं तोंड बघायला मिळत नाही!

बायकोचं सांगतो. सगळं तिच्याचपायी होतं. आमचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं, दुसरं तिसऱ्या दिवशी. वाडीत एक म्हातारी सुईण, बाकी देवाचा अंगारा. सकूला आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि मी तिला शब्द दिला होता, की ही खेप पुण्यात करू, मोठ्या दवाखान्याजवळ. मी खोली बघतो, तोवर तू हलू नकोस. तिला आठवा लागला तरी मी खोलीच बघत होतो.

शिफ्टहून आलो की दोन तास झोपायचं आणि पेठा पालथ्या घालायच्या. कुठं भाडं ऐकूनच परत फिरायचो, कुठं पागडी. आणि जिथं जमण्यासारखं असायचं तिथं मालकीणबाई विचारायच्या, माणसं किती? मी खरं सांगायचो. बाळंतीण म्हटलं की दार बंद. सोयर नको, रडारड नको, दहा दिवस नळावर विटाळ नको. एकीने तर पोरगी मोकळी होऊ दे, मग या म्हणून सांगितलं. मी जिन्यात बसून रडलो त्या दिवशी. लाज वाटत नाही सांगायला.

आणि मग, कार्तिकात, जमलं. गंज पेठेत एक म्हातारा तयार झाला. अंधारी खोली, पण खोली. रविवारी सकाळी आगाऊ भाडं घेऊन या, नाही आलात तर दुसरा उभाच आहे, म्हणाला. तो शुक्रवार होता. मी इतका खूष झालो की येताना बाळाला कुंची घेतली — तांबडी, कडेला पिवळी पट्टी. आमच्यात मूल व्हायच्या आधी नवं कापड घेत नाहीत. मी मुद्दाम घेतलं. संध्याकाळी ती कुंची घोंगडीवर उशाला ठेवली आणि ड्यूटीवर गेलो.

शनिवारी सकाळी परत आलो, तर घोंगडी गुंडाळून उंबऱ्याशी ठेवलेली.

सुतळीने बांधलेली. आत माझं बोचकं, माझे कपडे, आणि सगळ्यात वर कुंची. माझं डोकंच फिरलं. स्वतः जायचं तर जा की बाबा, माझं सामान कशाला बांधतोस? तात्यांना त्या दिवशी ताप होता म्हणून ते खोलीवरच होते. मी त्यांच्यावरच तोंड टाकलं, की तुमच्या मारुतीला सांगा, ही जागा माझीही आहे.

तात्यांनी गुंडाळीकडे बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

“मारुती गेल्या दिवाळीपास्नं हितं आला न्हाई,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मारुती धनगर, वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातला. त्याची बायको पोटुशी होती आणि तो पुण्यात खोली बघत होता. निरोप आला तसा अंगावरच्या कपड्यानिशी पळाला. पोचला तेव्हा बायकोला स्मशानात न्यायची तयारी चालली होती, तिच्याबरोबर मूलही. तो परत आला नाही. पण घोंगडी पसरलेली राहिली. गुंडाळली नाही म्हणजे जागा त्याची, म्हणून वर्षभर ही माणसं खांद्याला खांदा लावून झोपली, पण रात्रीची ती दोन हात जागा कुणी घेतली नाही. घोंगडी दिसायची ती मी पसरून जातो, असं त्यांना वाटायचं. आणि मला वाटायचं मारुती पसरून जातो.

मी म्हटलं, कुणीतरी चेष्टा केली. मोठ्याने म्हटलं. पण “खोली बघत होता” हे शब्द माझ्या कानातून जाईनात. उद्या रविवार, म्हातारा वाट बघणार, चार महिन्यांची वणवण... आणि मी एका घोंगडीपायी ते सगळं सोडणार? मी, वारं आलेल्यांच्या नकला करणारा? उंबऱ्यावर पाचेक मिनिटं तसाच उभा राहिलो. मग गुंडाळी खांद्यावर मारली आणि मोटार गाठली.

घाटात भट्टी विझली. मी थांबलो नाही. बोगदा ओलांडून पार शिवापूरपर्यंत धावत-चालत गेलो, तिथं मोटारीने मला गाठलं. नसरापूरहून पुन्हा पायी. वाडीत पोचलो तर दिवेलागणीची वेळ.

सकू ओट्यावर बसली होती. पाय सुजून खांबासारखे झालेले, जोडवी काढून ठेवलेली. आई म्हणाली, व्हतं आसं, काळजीचं न्हाई. मी सकूसमोर उकिडवा बसलो. ती माझ्याकडे बघून डोळे चोळायला लागली.

“मला तुमी दोन दिसताय,” ती म्हणाली.

त्या क्षणाला जुंपली गाडी. आई ओरडत राहिली. पहाटे नसरापुरात, तिथून पहिल्या मोटारीने भोर. संस्थानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा हात धरला, डोळे बघितले आणि मला बाहेर नेलं. अजून दोन दिवस घरी ठेवली असती तर झटके येऊन दोन्ही जीव गेले असते, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. तेव्हा रविवारची सकाळ होती. गंज पेठेतला म्हातारा माझी वाट बघत असेल, हेही त्याच वेळी मनात आलं.

चार दिवस तिला तिथं निजवून ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, आता हाकेच्या अंतरावर राहा. पुन्हा खोली! दवाखान्याच्या पायरीवर औषधाला आलेल्या उत्रोलीच्या एक काकू बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आमची पडवी हाय की, म्हणाल्या. मी आपला सवयीने सांगायला लागलो, की बाई अवघडलेली आहे, तिथंच बाळंत होईल, विटाळ...

“मग?” काकू म्हणाल्या. “बाया काय झाडावर बाळंत व्हत्यात?”

चार महिने पुण्यात जे मिळालं नाही ते असं मिळालं. बाराव्या दिवशी, भाताची मळणी चालली होती त्या खळ्याशेजारच्या पडवीत, मुलगी झाली. रडली. आणि रडतच राहिली. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही.

नोकरी अर्थातच गेली. महिन्याभराने सगळे घरी पोचलो, आणि मी घोंगडी घेऊन धनगरवाड्यावर निघालो. घोंगडी परत द्यायची, आणि विचारायचं, की गड्या, त्या शुक्रवारी रात्री तू पुण्यात आला होतास ना? आला असणार. दुसरं काही असू शकत नाही, असं मी चढण चढताना स्वतःला बजावत होतो.

दुपारची वेळ. माळावर मेंढरं, आणि काठीवर हनुवटी टेकून एक तिशीतला माणूस, वाळलेला, डोळ्यांखाली काळं. मी नाव सांगायच्या आत त्याची नजर घोंगडीवर गेली. मग माझ्याकडे.

“कुंची घातली का लेकराला?” त्याने विचारलं.

मी काही सांगितलं नव्हतं. मूल झालं, हेसुद्धा नाही. कसली कुंची म्हणून विचारलं.

“तांबडी. पिवळ्या पट्टीची. त्या रातच्याला उशाला व्हती.”

तो खाली बसला, मीही बसलो. पुण्यात आला होतास का, असं विचारलं तर मान हलवली. वाड्यातल्या बायामाणसांनीही मला नंतर सांगितलं, की वर्षभर तो डोंगर उतरलेलाच नाही. बायको गेल्यापासून रात्री नुसता पडून असतो. मारुतीने मात्र वेगळं सांगितलं. तो म्हणाला, हितं डोळा लागला की मी तिथंच असतो. खांबापाशी. झोप कसली ती, नुसतं पडायचं, पहाटे उठायचं, घोंगडी झटकून पसरायची, की इथं जाग येते. अंग जास्तच शिणलेलं असतं.

“तुमी कोन, त्ये ठावं नव्हतं,” तो म्हणाला. “पर म्या जायचो तवा जागा गरम असायची. बरं वाटायचं. मग ती कुंची दिसली. म्हनलं, ह्यो बी खोली बघतोय... म्या बी घेतली व्हती कुंची.”

मी हातातली घोंगडी पुढे केली. त्याने ती घेतली नाही, नुसता हात फिरवला.

“जागा सुटली म्हनायची?” त्याने विचारलं.

“सुटली,” मी म्हटलं.

त्याने घोंगडी गवतावर पसरली, आडवा झाला आणि माझ्यादेखत झोपला. भर उन्हात, मेंढरं सोडून. तोंड उघडं पडलेलं, लहान पोरासारखं घोरणं. मेंढरांकडे बघायला कुणी नाही, म्हणून मी बसून राहिलो. सूर्य कलला तेव्हा त्याने कूस बदलली आणि घोंगडीचा अर्धा भाग रिकामा झाला. मी हळूच तिथं तळहात ठेवला.

तीच ऊब होती. चार महिने रोज सकाळी आठ वाजता जिच्यावर मी पाठ टेकत होतो, तीच.

याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. शिकलेल्या लोकांना विचारलं, तर कुणी योगायोग म्हणतं, कुणी तुम्हाला तसं आठवतंय म्हणतं. असेल. मुलगी आता आजी झाली. अजूनही भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी भांडायला उठतो, आणि सकू आतून नुसती खाकरते. मग मी पुन्हा खाली बसतो.