हिराची काच

आमच्या बाजारात पारदर्शक जाड प्लास्टिकला काच म्हणतात. 'दोन मीटर काच द्या' म्हटलं की दुकानदार दादाभाऊ फळीवरून गुंडाळी काढतात आणि विचारतात, "जाड का पातळ?" इतकी वर्षं जुन्नरला राहून मला हे ठाऊक नव्हतं. हिरा माझ्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन घेऊन बसू लागली तेव्हा कळलं. तो शब्द तिच्या जिवावर उठेल, असं तेव्हा कोणाला वाटणार?

हिरा लोणीकडची, मेंढपाळाच्या घरातली. आता मेंढ्या थोड्याच उरल्यात. नवरा गोरक्ष पिकअप चालवतो. मुलगी श्रेयाला घेऊन ती माझ्या दारात आली तेव्हा पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला होता. तो सरकला आणि मी मान फिरवली. केस जागोजाग मुळापासून कातरलेले, मधेमधे कातडं सोलून निघालेलं, त्यावर माश्या. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून दळण आणलं म्हणून गोरक्षने तिला अंगणात मेंढीसारखी पाडली होती आणि मानेवर गुडघा ठेवून लोकर कातरायच्या कातरीने भादरली होती. त्याआधी एकदा बरगडी मोडली होती. एकदा तापल्या तव्यावर तळहात दाबून धरला होता. घर सोडताना हिरा स्वतःचे कपडे विसरली, पण ती कातर घेऊन आली.

"ही कशाला आणलीस?" मी विचारलं.

"तिथं ठिवली तर पुन्यांदा माझ्यावरच चालवील न्हवं, बाई."

त्याच कातरीला धार लावून घेऊन ती काच कापू लागली.

चेनचे पाऊच शिवणं दिसतं तेवढं सोपं नाही. काचेला टाचणी लावून चालत नाही. कापडातलं भोक मिटतं, काचेतलं राहतं. म्हणून हिरा कपडे वाळत घालायचे चिमटे लावी. काच मशीनखाली चिकटते, पुढे सरकत नाही. त्यासाठी वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची, शिवण मारायची, मग कागद फाडून टाकायचा. आधी चेन जोडायची, मग कडेने कापडी पट्टी. आणि शेवटची शिवण घालण्यापूर्वी चेन अर्धी उघडी ठेवायची, नाहीतर पाऊच उलटवताच येत नाही.

"पैल्या दिवशी समदे पाऊच बंद करून बसले व्हते," ती हसत सांगे. "भायेर यायला वाटच न्हाई. आमच्या सासरावाणी!"

दहावीच्या परीक्षेला पेनं-पट्टी पारदर्शक पाऊचमध्येच न्यावी लागते, त्यामुळे फेब्रुवारीत तिचं मशीन थांबत नसे. यंदा श्रेयाही दहावीलाच होती.

त्या दुपारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, श्रेया शाळेत होती. खोलीत काय घडलं ते मी मागाहून हिराकडून आणि तिच्या सासूकडून, साळुबाईंकडून ऐकलं.

गोरक्ष आईला घेऊन आला तो श्रेयाला न्यायला.

"पोरगी कुठंय? तिचं जमिवलंय म्या."

"तिची परीक्षा हाय. ती येणार न्हाई."

"तुला इचारलं का मी?"

त्याने तिचं डोकं मशीनच्या चाकावर आपटलं. भुवई फाटली. साळुबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरं, सोड तिला," पण जागच्या हलल्या नाहीत. गोरक्षने हिराचा डावा हात पकडून तर्जनी सुईखाली दाबली.

"लई शिवतीस व्हय? शिव की मग!"

आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. सुई नखातून आरपार गेली. त्याने पुन्हा फिरवलं. बोटाखाली काच होती. तिच्यातूनही सुई गेली. तिसऱ्यांदा सुई हाडात मोडली, तेव्हा हिराने सगळा जोर लावून हात हिसकला आणि मागे कोलमडली. बोटाखालच्या काचेच्या मोठ्या तुकड्याचं दुसरं टोक तिच्या उजव्या हातात तसंच होतं, तिच्याबरोबर तो तुकडा जमिनीवर पसरला. गोरक्ष लाथ घालायला धावला, त्याचा पाय त्या तुकड्यावर पडला आणि तो घसरून खिडकीवर आदळला, हात तावदान फोडून बाहेर गेला. मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडा पडला.

मी परतले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. फरशीवर रक्त, रक्तात चेनचे रनर, चिमटे. हिरा भिंतीला टेकून बसलेली, बोटात सुईचं टोक तसंच. साळुबाई तिच्यापासून हातभर अंतरावर. समोर हवालदार उभा.

"नवऱ्याला लागलं तेव्हा तुझ्या हातात काय होतं?" त्याने विचारलं.

"काच," हिरा म्हणाली.

"केवढी?"

"मोठी व्हती. नुक्तीच कापलेली."

हवालदाराने लिहून घेतलं. "काचेनं वार केलास. चल, ऊठ."

एवढ्यात श्रेया शाळेतून आली आणि दप्तरासकट दारातच थिजली. हिराने तिच्याकडे पाहिलं आणि ती पहिल्यांदा रडली. आपण आत गेलो तर मुलगी आजच्या आज लोणीला जाणार, हे तिला कळत होतं.

मी म्हणाले, "अहो, ती म्हणते ती काच म्हणजे काच नव्हे!"

"आजी, काच म्हणजे काच नाही तर काय परात?"

मी त्याला रक्ताने माखलेला तो तुकडा दाखवला. त्याला पटेना. शेवटी श्रेया पळत जाऊन दादाभाऊंना घेऊन आली. त्यांनी गुंडाळीच काखेत मारून आणली होती.

"सायेब, आमच्यात हिलाच काच म्हंत्यात. हिनं वार करायचा तर आधी माणसाला गुंडाळावा लागंल!"

हवालदाराला हसू आलं, पण वही मिटली नाही. "ठीक. मग त्याला खिडकीत ढकललं कोणी? तुम्ही दोघं तर इथं नव्हता."

सगळ्यांनी साळुबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराच्या टोकाला लागलेलं रक्त बोटाने चोळलं. मुलाचं होतं की सुनेचं, कोण जाणे.

"मावशी, बोला. तुमच्या पोराचा हात गेलाय."

"त्याच हातानं चाक फिरवत व्हता त्यो," साळुबाई म्हणाल्या. "तिचं बोट सुईखाली धरून. तीनदा फिरिवलं. म्या बघितलं." मग त्यांनी मशीनच्या फळीकडे हात केला. "ती कातर बघा. आमच्या घरची हाय. तिच्या हातापाशीच पडली व्हती. मी असते तर उचलली असती. हिनं न्हाई उचलली. कुनी ढकललं न्हाई त्याला, त्यो घसारला."

हवालदाराने लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहायला सुरुवात केली. गोरक्षला टाके पडल्यावर दवाखान्यातूनच ताब्यात घेतलं. आईने साक्ष दिली हे कळल्यावर, सुटून आलो की पहिली तुलाच पुरतो, असा निरोप त्याने पाठवला.

श्रेयाने परीक्षा दिली. हिराचं बोट आता वाकत नाही. ते ताठ ठेवूनच ती काच सरकवते.

परीक्षा संपल्यावर एकदा साळुबाई आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच बसल्या. हिराने चहा दिला. मग त्या दिवसाचा तुकडा तिने काढला. तो धुऊन ठेवलेला होता, सुईची दोन भोकं तशीच होती. भोकांचा भाग तिने कातरीने कापून टाकला. उरलेल्यातून लहानसा पाऊच झाला. चेन लावून तिने तो सासूच्या पुढ्यात ठेवला.

"मिसरी ठिवायला."

साळुबाईंनी तो उजेडात धरला. "ह्यातनं तर समदंच दिसतंय की गं, हिरे."

"दिसू द्या, आत्याबाई," हिरा म्हणाली आणि पुढची काच मशीनखाली सरकवली.