हळदीच्या हंगामात विहीण आली

हळदीला कोणाच्या रोगाची पडलेली नसते. शिजवून उन्हात पसरली की ती वाळेपर्यंत रोज परतायची, राखायची, वावटळ आली की धावायचं. म्हणून त्या पहिल्या उन्हाळ्यात, कोरोना अजून टीव्हीतच होता आणि आमच्या तालुक्यात यायचा होता, तेव्हा सगळं गाव तोंडाला पदर आणि रुमाल लावून कुजबुजत होतं आणि मी खळ्यात हळद परतत होते. मला कुजबुजायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला त्या रोगाची फारशी भीतीही वाटत नव्हती.

रिसोडकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून लोकांनी रस्ता बंद केला होता. त्या काट्यांपाशी दिवसभर चार-पाच रिकामे बाप्ये बसत आणि त्यांच्यात रोज नवा शोध लागे. हा रोग नोटेवरून येतो. हा रोग कोंबडीतून येतो. ऊन तापलं की आपोआप मरतो, वऱ्हाडात तर तो टिकायचाच नाही. एका सकाळी असा निरोप आला की कुठल्याशा गावी नुकतंच जन्मलेलं बाळ बोललं, बिनदुधाचा चहा प्या म्हणालं आणि डोळे मिटले. अख्ख्या गल्लीनं काळा चहा केला. मीही प्याले. चहा समोर आल्यावर तो टाकून देणाऱ्यातली मी नव्हे. पण बाळ बोललं हे काही मला पटलं नाही. माझ्याच घरात बाळ यायचं होतं. बाळांनी बोलायचं ठरवलंच असतं, तर माझ्या नातवंडानं आधी आजीला हाक मारली असती.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्यासाठी त्या उन्हाळ्यात मोठी गोष्ट ती होती, रोग नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही आमच्याकडची रीत. मी डिंक, खारीक, शेपू-बाळंतशोपा सगळं आधीच आणून ठेवलं होतं आणि गावभर सांगितलं होतं की माझी पोरगी आहे, मी पाहून घेईन. जावई पुण्याला कंपनीत अडकून पडलेला. किन्हीराजाला तिच्या सासरी विहीणबाई एकट्या होत्या आणि त्यांचा रोज सकाळी फोन यायचा.

"ईनबाई, पोरीले परत पाठवा. तुमच्या खयात दहा गावची मानसं येऊन राह्यली."

"येऊ द्या ना," मी म्हणायची. "ते हयदीले येतात, पोरीले नाई."

खळ्यात माणसं येत, हे खरं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा पॉलिशचा ढोल आहे. वाळलेली हळद त्यात घालून फिरवली की वरची साल निघते, आणि पिवळी धूळ अशी उडते की ढोल चालवणारा संध्याकाळी नखशिखान्त पिवळा होऊन खोकत घरी येतो. ढोल माझा नवरा चालवतो. आजूबाजूच्या गावांतही तो ढोल घेऊन जातो. दर उन्हाळ्यात दोन महिने तो खोकतो आणि मी त्याला गुळाचा खडा देते. इतकी वर्षं त्या खोकल्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या वर्षी मात्र तो खोकला की शेजारच्या घराची खिडकी लागायची.

काट्यांपाशी बसणाऱ्यांचा म्होरक्या आमच्या गावचा जीपवाला होता. एरवी तो रिसोडच्या फेऱ्या मारी. फेऱ्या बंद पडल्यापासून त्याला दुसरा उद्योग राहिला नव्हता. त्यानं टीव्हीवर ऐकलं की या रोगात नाकाचा वास जातो. झालं! गावात येणाऱ्या प्रत्येकाचं नाक तपासायचं, असं त्यानं ठरवलं. तपासायचं कशानं, यावर बराच खल झाला. अत्तरानं नको, ते एकाच्या नाकाला लागून दुसऱ्याच्या नाकाला जाईल. हिंग कुणी फुकट देईना. शेवटी हळद ठरली. घरोघरी पडलेली, देवाधर्माची, आणि रोग मारते अशी सगळ्यांची खात्री. येणाऱ्यानं डोळे मिटायचे, जीपवाल्यानं शिजवलेल्या हळदीचं ताजं बोट, म्हणजे ओलं हळकुंड, मोडून नाकाशी धरायचं आणि विचारायचं, कशाचा वास?

पहिला सापडला माझा नवरा. शेजारच्या गावचं पॉलिश आटोपून तो ढोल घेऊन आला, आज्ञाधारकपणे डोळे मिटले आणि म्हणाला, "काईचाच नाई." वर खोकला.

मला कळलं तशी मी खळ्यातून धावत गेले. लोक त्याच्यापासून वीस हात लांब उभे होते आणि तो बिचारा ट्रॅक्टरवर बसून ते काय सांगतील ते ऐकायला तयार होता. नियम म्हटला की माझा नवरा आधी मान डोलावतो, मग नियम काय आहे ते विचारतो.

"अरे बाप्पा," मी म्हटलं, "दोन महिन्यांपासून हा मानूस हयदीत लोयून राह्यला. याले हयदीचा वास येईन कसा? याले रॉकेल हुंगाले दे!"

"काकू, नवऱ्याची बाजू त कोनीबी घेते," जीपवाला म्हणाला.

त्यांना कुणाला तरी रोग सापडायला हवाच होता. पी हळद अन् हो गोरी, अशी त्यांची घाई. नवऱ्याची रवानगी गावाबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. पंधरवडाभर तिथंच राहायचं, डबा कुंपणाबाहेर ठेवायचा. मी भांडून घसा बसवला, पण तो स्वतःच वळकटी घेऊन निघाला, तर मी कुणाशी भांडणार? खरं म्हणजे तिथं त्याचं बरं चाललं. पंखा होता, आणि माझी बडबड नव्हती.

बातमी मात्र आमच्या आधी किन्हीराजाला पोचली, आणि पोचेपर्यंत चांगली बाळसेदार झाली होती. तिथं असं कळलं की व्याह्याला कोरोना झाला, सरकारी गाडीनं नेला, आणि घर बंद करून त्याला पांढरा पट्टा लावला. दुसऱ्याच दिवशी दुधाच्या गाडीत बसून विहीणबाई काट्यांपाशी हजर!

उंच, सडपातळ बाई. कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. लग्नातच मी ओळखलं होतं की ही माझ्याच जातीची, म्हणजे ऐकून न घेणाऱ्यांच्या जातीची. मी अलीकडे, त्या पलीकडे, मध्ये बाभूळ.

"सूनबाईले आना," त्या म्हणाल्या. "मी न्याले आली."

"इतक्या भरल्या दिवसांत दुधाच्या गाडीत बसवून नेता काय तिले?"

"बसवीन नाई त मांडीवर घेईन. तुमच्या घरी रोग हाय."

"रोग कुठी हाय? मानसं खोकली म्हंजे रोग होते काय?"

आमचं असं रंगात आलं होतं, तेवढ्यात जीपवाल्यानं आपलं काम काढलं. "मावशी, भांडन मंग. आधी डोये मिटा."

विहीणबाईंनी डोळे मिटले. त्यानं हळद नाकाशी धरली. त्यांनी जोरात श्वास घेतला, दोनदा घेतला, आणि चिडून म्हणाल्या, "हे काय लावून राह्यले नाकाले? काई वास नाई याले!"

काट्यांपाशी बसलेले सगळे एकदम मागे सरकले. मी मात्र हसायला लागले ती थांबेना. विहीणबाईंची स्वतःची हळद होती आणि शिजवायच्या कढईपाशी त्या जातीनं उभ्या राहत, हे मला पोरीकडून ठाऊक होतं. मी जीपवाल्याच्या बायकोला हाक मारली. तीही आमच्याच खळ्यात हळद परतायला यायची. तिला डोळे मिटायला लावलं आणि तेच बोट तिच्या नाकाशी धरलं.

"वास? कायचा माय वास?" ती म्हणाली. "पान्याचा असन."

मग काय! एकेकीला बोलावून तपासलं. जिचा हात हळदीत, तिचं नाक बंद. या हिशेबानं अर्धं गाव शाळेत टाकायला हवं होतं आणि शाळेला खोल्या दोनच. जीपवाल्यानं हळदीचं बोट शेतात भिरकावलं. ती तपासणी त्या दिवशी संपली, पण शाळा संपली नाही. बाहेरगावाहून येईल त्याला पंधरवडा शाळेत, असा ग्रामपंचायतीनं नुकताच ठराव केला होता. दुधाची गाडी केव्हाच निघून गेली होती. किन्हीराजाच्या लोकांनीही फोनवर कळवलं की नाक गेलेली बाई आता आम्हाला नको. अशा रीतीनं सुनेला न्यायला आलेली विहीण माझ्याच गावच्या शाळेत, माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या खोलीत जाऊन बसली.

आता डबे दोन झाले. मी मुद्दाम पुरणपोळी केली. विहिणीचा मान ठेवायचा तर तो शाळेच्या कुंपणावरूनही ठेवता येतो. पहिले काही दिवस त्या डबा घेत आणि तोंड फिरवत. नंतर एका दुपारी डबा घेतल्यावर त्या तिथंच कुंपणाच्या आतल्या बाजूला दगडावर टेकल्या. मी बाहेर बसले.

"ईनबाई, तुमी मले हट्टी समजत असान."

"समजत नाई. हायच तुमी हट्टी."

त्या हसल्या नाहीत. "माही पोरगी आजारानं गेली, असं सोयरिकीच्या टायमाले तुमाले सांगतलं होतं. आजार नव्हता. पयलं बायतपन होतं. माह्याच घरी आलती. म्याबी तुमच्यावानी साऱ्या गावाले सांगत फिरली, माही पोरगी हाय, मी पाहून घेईन. दवाखान्यात तिची सासू आत गेली अन् मी बाहीर बसली, पदरात डिंकाचे लाडू बांधून. मंग कोनीतरी येऊन सांगतलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मले आता बाहीर बसाचं नाई. म्हून न्याले आली. रोगाचं त निमित्त होतं."

कुंपणातून हात घालून त्यांच्या हातावर ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही, कारण नियम होता आणि पलीकडच्या खोलीतून माझा नियमवाला नवरा पाहत होता. घरी आल्यावर पोरीला विचारलं, तुला हे ठाऊक होतं काय. ती म्हणाली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी आत्याबाईंनी सांगितलं होतं. आईला सांगू नको, ती घाबरेल, असंही म्हणाल्या होत्या.

कळा सुरू झाल्या त्या सकाळच्या भाकरी चालू असताना. गावच्या आशा सेविकेनं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती लांबच्या गावी गेलेली होती, यायला वेळ होता. मी जीपवाल्याच्या दारात गेले. पोरीचं नुसतं नाव घेतलं तर तो किल्ली घेऊनच बाहेर आला. गावाच्या तोंडाशी पोचलो, पण बातमी आमच्या आधी शाळेत गेली होती. माझा नवरा, ज्यानं आयुष्यात नियम मोडला नव्हता, तो शाळेतून धावत येऊन उघड्या हातांनी बाभळीच्या फांद्या ओढत होता. आणि रस्त्याच्या मधोमध विहीणबाई उभ्या होत्या. जीपवाला म्हणाला, "मावशी, तुमचा पंधरवडा..." त्याचं बोलणं संपायच्या आत त्या जीपमध्ये चढल्या होत्या. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय त्यांच्या.

तालुक्याच्या दवाखान्यात दाराशी तोंड झाकलेली एक सिस्टर उभी होती. बाळंतिणीबरोबर आत एकच जण, ती म्हणाली, बाकीचे बाहेर.

मी पिशवी उचलून पुढे झालेच होते. माझी पोरगी, माझ्या घरचं बाळंतपण, माझा मान. यात विचारायचं काय होतं? तर पोरीनं माझा हात सोडवला. कळ दाबत म्हणाली, "आई, तू थांब. आत्याबाईले येऊ दे माह्यासंग."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले असते तर त्या थांबल्या असत्या, हे मला दिसत होतं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली.

मला राग आला. लपवून काय उपयोग, इतका आला की डोळ्यांना पाणी आलं. मी जन्म दिला, मी डिंक कुटला, आणि आत दुसरी! मी भिंतीच्या कडेला सावलीत बसले. आजूबाजूला लोक लांब लांब बसून त्याच गोष्टी बोलत होते, कुणाला झाला, कुठून आला, किती जगतात. मला ऐकू येत होतं, पण कळत काही नव्हतं. हळूहळू राग निघून गेला आणि त्याच्या जागी जे आलं, ते त्या अख्ख्या उन्हाळ्यात मला एकदाही शिवलं नव्हतं. दार बंद होतं. आतून कोण बाहेर येईल आणि काय सांगेल, एवढंच माझ्यापाशी उरलं होतं. एक बाई किती वर्षं अशी बंद दाराकडे पाहत बसली असेल, ते मला तिथं बसल्यावर समजलं. पोरीला ते माझ्या आधी समजलं होतं, आणि राग असतानाही मला तिचा अभिमान वाटला.

ऊन भिंतीवरून उतरून माझ्या पायाशी आलं तेव्हा दार उघडलं. विहीणबाई बाहेर आल्या. लुगड्याला डाग, केस सुटलेले. त्यांनी तोंडावरचा पदर खाली ओढला. मी उठायच्या आत त्याच माझ्यापाशी खाली बसल्या, अंतर-बिंतर विसरून, आणि माझे दोन्ही हात धरले.

"जित्या हायेत, ईनबाई," त्या म्हणाल्या. "दोघी."