भरमाप्पाचं इंजिन

मला लिहिण्याची सवय नाही. पण भरमाप्पाचं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

भरमाप्पा मूळचा नेसरीचा. तरुणपणी त्याची अँबॅसिडर होती. गडहिंग्लज ते कोल्हापूर वडाप करायचा, म्हणजे माणसं भरून भाड्याच्या फेऱ्या मारायचा. आई बसम्मा रोज म्हणायची, इंजिनाला विभूती लाव. तेलकट लोखंडावर राख काही टिकेना. शेवटी त्यानं इंजिनाच्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढलं आणि आत ब्लॉकवरच, म्हणजे इंजिनाच्या मूळ सांगाड्यावरच, छिन्नीनं विभूतीच्या तीन आडव्या रेघा कोरल्या. आई खूश झाली.

पुढं गाडीला अपघात झाला आणि ती धैर्यशीलरावांच्या गॅरेजात पडली. दुरुस्त होऊन आली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. थोड्याच दिवसांत तवंदीच्या घाटात इंजिन बसलं. भरमाप्पानं झाकण उघडलं, तर आत रेघा नव्हत्या. बाहेरचा नंबर मात्र कागदाशी बरोबर जुळत होता. कुणीतरी तो दुसऱ्या इंजिनावर ठोकला होता. भरमाप्पा भांडायला गेला, तेव्हा धैर्यशीलराव चारचौघांत हसले, "पावणं, गाडी झेपत न्हाय तर बैलगाडी घ्या की!"

गाडी भंगारात गेली, कागद तेवढा त्यानं जपून ठेवला. भरमाप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिला आणि त्या रागातच इंजिनं बांधायला शिकला. पुढं स्वतःचं गॅरेज काढलं. अँबॅसिडर आली की तक्रार काहीही असो, तो आधी ते झाकण उघडायचा. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची खोड. मी शेजारी राहतो, रोज त्याच्याकडं चहाला बसतो, म्हणून मला खरं कारण माहीत होतं.

गेल्या वर्षी धैर्यशीलराव स्वतः टेम्पोत इंजिन घालून आले. त्यांचं गॅरेज कधीच बंद पडलं होतं. नात स्वप्नालीच्या लग्नात घरची जुनी अँबॅसिडर काढायची होती. भरमाप्पाला ते ओळखत होते, पण ती जुनी गोष्ट विसरून गेले असावेत.

"बघ बाबा, बांधण्यासारखं हाय का भंगारात घालू?"

नंबराच्या जागेवर ग्राइंडर फिरवलेला होता. भरमाप्पानं झाकण काढलं, डिझेलच्या फडक्यानं आतली काजळी पुसली. तीन रेघा! मीही वाकून पाहिल्या. त्यानं झाकण परत लावलं.

"राव, हे इंजिन कुठलं?"

"कुठलं म्हंजे? गाडी घेतल्यापास्नं हेच की."

"आन नंबर?"

"गंजला आसंल. तू तुझं सांग, बांधाय येतंय का?"

"येतंय की. ऱ्हाऊ दे हितं."

त्यांनी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. ते गेल्यावर मी भरमाप्पाला म्हणालो, तुझंच आहे, बांध आणि ठेवून घे. त्यानं कोपऱ्यातला घण उचलला आणि ब्लॉकवर घातला. बिडाचं लोखंड ते, फुटलं. तुकडे हातगाड्यावर घालून त्यानं जवळच्या फौंड्रीत नेले आणि भट्टीत पडेपर्यंत तिथंच उभा राहिला. मला पोलिसांची भीती वाटत होती.

लग्न तोंडावर आलं तसे धैर्यशीलराव आले.

"माझं इंजिन कुठाय?"

"हितं लई इंजिनं येत्यात, राव. नंबर सांगा, हुडकतो."

"मस्करी करतोस व्हय? पोलिसात जाईन!"

"जावा की. तितंबी पयला नंबरच इच्यारत्यात. घरातला कागद घिऊन जावा. मी माझ्या गाडीचा घिऊन येतो. त्या नंबराचं काय केलं, ते सायबाम्होरं बोलू."

धैर्यशीलराव भरमाप्पाकडं बघतच राहिले. मग जुनी गोष्ट आठवली असावी, त्यांचा चेहरा उतरला. चहाच्या गाड्यावरची माणसं मान वळवून बघत होती. ते गाडीत बसले आणि निघून गेले.

मी हळूच विचारलं, "ब्लॉक चांगला होता का रे?"

"लई चांगला. आनकी एकदा बोर मारून नव्यावानी चालवता आला आसता."

"मग वाईट नाही वाटत?"

"त्येला वाटू दे," भरमाप्पा म्हणाला.